डाव्या बुटाखालचा गंज

(स्टिअरिंग रॅकविषयी, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या आडव्या सळईच्या यंत्रणेविषयी, आलेली तीन पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रांमधील गाड्यांची नावे गाळली आहेत, कारण झीज आणि गंज कोणत्याही कंपनीच्या रॅकला सारख्याच रीतीने गाठतात.)

प्रश्न : माझ्याकडे 2003 साली घेतलेली पेट्रोल सेडान आहे. घेतल्यापासून ती आमच्याच घरात असून आजवर सुमारे 1,38,000 किलोमीटर चालली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा ती गावभागातील आमच्या दारात चार दिवस पाण्यात उभी होती. पाणी सीटपर्यंत आले होते. इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगची कामे त्याच वर्षी करून घेतली. स्टिअरिंगकडे मात्र कोणी पाहिले नाही. गेल्या वर्षी पॉवर स्टिअरिंगचे ऑइल महिन्यातून एकदा टाकावे लागत होते, आता दर पंधरवड्याला टाकावे लागते आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला थेंब पडलेले दिसतात. एका मेस्त्रींनी सील किट, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या कड्यांचा संच, टाकून 6,500 रुपयांत काम करून देतो असे सांगितले. दुसऱ्यांनी नवाच रॅक बसवा म्हणून 34,000 रुपयांचा अंदाज दिला. तिसऱ्यांनी भंगारातून चांगला रॅक 9,000 रुपयांत आणून देण्याची तयारी दाखवली. गाडीची नोंदणी 2028 पर्यंत आहे. आठवड्यातून एकदा आईला मिरजेला डॉक्टरांकडे नेणे आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जाणे एवढाच तिचा वापर आहे. रॅक दुरुस्त करावा की बदलावा?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : आपल्याला मिळालेले तिन्ही दर रॅक न उघडता सांगितलेले आहेत, त्यामुळे त्यांची आपसांत तुलना करून निर्णय घेता येणार नाही. आपल्या पत्रात निर्णयाला उपयोगी पडणारे वाक्य एकच आहे, आणि ते पैशांविषयीचे नसून पुराविषयीचे आहे. गाडी पुरात उभी राहिली नसती, तर 1,38,000 किलोमीटर चाललेल्या रॅकला सील किट टाकून पाहा असे मी फारसा विचार न करता लिहिले असते.

त्याआधी, गळती रॅकमधूनच होत आहे याची खात्री करून घ्यावी. पंपाकडून रॅककडे जाणारा जाड दाबाचा पाइप, त्याचे नट आणि परतीच्या रबरी नळीची क्लिप यांपैकी काहीही झिरपू लागले की ऑइल वाऱ्याने मागे सरकते, रॅकच्या नळीवरून वाहत जाऊन टोकाला ठिबकते आणि पाहणाऱ्याला रॅकच फुटल्यासारखा वाटतो. गाडी लिफ्टवर घेऊन तो सगळा भाग रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडा करावा, इंजिन चालू ठेवून एका माणसाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे आणि दुसऱ्याने खालून टॉर्चच्या उजेडात पाहत राहावे. स्टिअरिंग शेवटच्या टोकाला नेऊन दाबून धरू नये, कारण त्या वेळी पंप पूर्ण दाबाने काम करत असतो आणि ऑइल झपाट्याने तापते. ओल प्रथम कोठे उमटते ते दहा मिनिटांत कळते. पाइपचा दोष निघाला, तर पुढचे सर्व वाचण्याची गरज राहणार नाही.

आता ऑइल डाव्या बुटातूनच, म्हणजे रॅकच्या डाव्या टोकावरील रबरी आवरणातूनच, येत आहे असे धरून चालू. रॅकची रचना थोडी समजून घेतली, तर मेस्त्रींशी बोलणे सोपे जाईल. आपल्याकडच्या, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांमध्ये पिनियन, म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरणारे लहान दातेरी चाक, सामान्यतः उजव्या बाजूला असतो. रॅकच्या सळईवर त्या बाजूला दाते असतात, तर डावी बाजू गुळगुळीत गोल असते. सळईच्या मधल्या भागावर एक पिस्टन असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने ऑइलचा दाब येतो. हा दाब 70 बार किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या पस्तीस पट. तो अडवून धरणारी मुख्य सीलही दोनच असतात. पहिले आतमध्ये, दाते जेथे संपतात त्याच्या पुढे बसलेले असते. दुसरे नळीच्या डाव्या टोकाला, सळईला आधार देणाऱ्या बुशजवळ असते. आतले सील सळईच्या ज्या भागावर घासते तो भाग नळीच्या बाहेर कधीच येत नाही. डावीकडच्या सीलचे तसे नाही. गाडीची चाके सरळ असताना गुळगुळीत सळईचा काही भाग त्या सीलच्या बाहेर, घड्यांच्या रबरी बुटाच्या आत उघडा असतो आणि वळण घेताना तोच भाग सीलमधून आत-बाहेर करतो.

पुराचा संबंध येथे येतो. सोळा वर्षांच्या रबराला त्या वेळी चिरा पडलेल्या असणे अगदी संभवनीय आहे. चार दिवस गढूळ पाणी आणि गाळ बुटात शिरला, गाडी बाहेर काढल्यावर वरचे सगळे सुकवले गेले, पण बुटातली ओल तशीच राहिली आणि उघड्या सळईवर गंज चढला. नंतरच्या प्रत्येक वळणाला ती गंजलेली सळई सीलच्या ओठावरून कानसेसारखी फिरत राहिली. आधी महिन्याने आणि आता पंधरवड्याने ऑइल टाकावे लागते, हा क्रम या कारणाशी जुळतो. सील केवळ जुने होऊन कडक झाले असते तरी गळती वाढलीच असती, त्यामुळे हे निदान पक्के आहे असे मी म्हणत नाही. ते पक्के करण्याचा उपाय मात्र हाताशी आहे.

कोणालाही होकार देण्यापूर्वी डाव्या बुटाच्या क्लिपा काढून तो बाहेरच्या बाजूला सरकवून घ्यावा, ज्या बाजूला वळवल्यावर डावीकडील सळई सर्वांत जास्त बाहेर येते त्या बाजूला स्टिअरिंग पूर्ण फिरवावे आणि सळई स्वच्छ पुसून तिच्यावरून अंगठ्याचे नख लांबीच्या दिशेने हलकेच ओढावे. सळईचा खालचा भाग डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी तेथेच साचते, म्हणून सगळा घेर नखाने चाचपावा. हे अर्ध्या तासाचे काम असून फार तर नवे बूट आणि क्लिपा यांचा खर्च येईल, आणि तो पुढे काहीही ठरले तरी करावाच लागणार आहे.

नख कोठेही न अडकता सरकले आणि सळई आरशासारखी दिसली, तर सील किटचे काम करून घ्यावे. तसा रॅक पुढची काही वर्षे सहज काढेल. नुसते तपकिरी डाग असतील आणि नखाला काहीच लागत नसेल, तर बाराशे आणि मग दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने ऑइल लावून ते घालवता येतात, फक्त घासणे सळईच्या घेराभोवती असावे, लांबीच्या दिशेने नसावे. लांबीच्या रेषा राहिल्या तर ऑइलला बाहेर पडायला आयती वाट मिळते. पण नख खळग्यात अडकले, अगदी एकाच ठिकाणी अडकले, तरी 6,500 रुपयांचा बेत सोडून द्यावा. खळगे पडलेल्या सळईवर कितीही चांगले सील बसवले तरी ते काही आठवड्यांत पुन्हा फाटेल आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागेल. अशा कामाविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांमध्ये मेस्त्रींच्या हातापेक्षा सळईचा दोष मोठा असतो, आणि तो न दाखवताच किट टाकले गेलेले असते, एवढाच मेस्त्रींचा दोष.

सळईला हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कठीण मुलामा, करून घ्या असेही आपल्याला कोणी ना कोणी सुचवील. आपला भाग लेथ आणि ग्राइंडिंगच्या कामात तरबेज आहे, कुपवाडला नाही झाले तर कोल्हापूरचे उद्यमनगर आहेच, आणि जेसीबीच्या सिलिंडरचे खराब रॉड अशा रीतीने पुन्हा कामाला लागतात हेही खरे आहे. तरीही रॅकच्या सळईबाबत मी हा सल्ला देणार नाही. ती कठीण केलेल्या पोलादाची असते, मुलामा देताना अशा पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी मुलाम्यानंतर ठरावीक तापमानाला काही तास भाजण्याची जी प्रक्रिया करावी लागते ती झाली की नाही हे ग्राहकाला पाहून कळत नाही. जेसीबीचा रॉड तुटला तर काम थांबते, येथे मात्र चाकांचे वळणे या एका सळईवर अवलंबून आहे. तिला वेल्डिंग तर कोणत्याही कारणासाठी करू देऊ नये.

सळई चांगली निघाली, तरी किट टाकायला रॅक खाली उतरणारच आहे, तेव्हा आणखी काही गोष्टी त्याच वेळी पाहून घ्याव्यात. ऑइलची टाकी उघडून रंग पाहावा. दुधाळ किंवा गुलाबीसर दिसले तर त्यात पाणी आहे आणि ते पंपात व पिनियनवरच्या झडपेतही पोचलेले आहे. पुरानंतर हे ऑइल बदलल्याचे आपण लिहिलेले नाही. झडपेवरील टेफ्लॉनच्या कड्या झिजल्या, किंवा त्यांनी झडपेच्या बाहेरच्या कवचाला चर पाडले, तर बाहेर एक थेंबही न सांडता स्टिअरिंग सकाळी थंड असताना जड लागते आणि गाडी तापली की हलके होते, किंवा एकाच बाजूला जड लागते. असे होत असेल तर टोकाची सील बदलून उपयोग नाही. आपण पंधरवड्याला कोणते ऑइल टाकता हेही विचारावेसे वाटते. पुष्कळ गाड्यांना लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, चालते, पण काही कंपन्या आपलेच ठरावीक ऑइल सांगतात आणि तेथे एटीएफ टाकल्याने सील बिघडतात. गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर ते लिहिलेले असते.

किट बसवताना खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. आतले सील सळईवर चढवताना दात्यांवरून सरकवावे लागते, आणि दात्यांच्या कडा सीलचा ओठ बसवण्यापूर्वीच कापतात. म्हणून दाते पातळ प्लॅस्टिकने किंवा खास नळीने झाकून घेतात. टेफ्लॉनच्या कड्या गरम पाण्यात मऊ करून ताणून बसवतात आणि मग त्या पुन्हा आवळून मूळ मापावर आणाव्या लागतात. आपण मेस्त्रींना सहज विचारावे, की दात्यांवरून सील कसे नेता? ज्यांनी हे काम केलेले आहे ते लगेच कौतुकाने सांगू लागतात. काम उरकताना टाय रॉड एंड, म्हणजे चाकाकडचे जोड, मोजून काढलेल्या आट्यांवरच परत बसवावेत, दोन्ही बाजूंना नवे बूट टाकावेत आणि चाकांचे अलाइनमेंट न करता गाडी घेऊन जाऊ नये. गाडीला एअरबॅग असेल, तर रॅक उतरवण्यापूर्वी स्टिअरिंग सरळ करून बांधून ठेवायला सांगावे. ते मोकळे राहून चुकून दोन-तीन फेरे फिरले, तर आतली गुंडाळीची केबल तुटते आणि तो खर्च निष्कारण वाढतो.

भंगारातील रॅकविषयी माझे मत आपल्याला वाटेल तितके वाईट नाही. मात्र 9,000 रुपयांत येणारा रॅकही वीस वर्षांचाच असणार, आणि 2019 मध्ये आपल्या भागात भंगारात गेलेल्या गाड्यांपैकी कितीतरी आपल्यासारख्याच पाण्यात उभ्या होत्या. म्हणून तो घरी येण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावा, दोन्ही बूट सरकवून नखाची परीक्षा तेथेच घ्यावी आणि पिनियन हाताने फिरवून सळई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोठेही न अडता जाते का ते बघावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे आपल्या रॅकइतकेच भरावेत आणि पाइपांच्या आट्या जुळाव्यात, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक हे बदललेले असू शकते. असा निवडलेला रॅकही तसाच बसवू नये. त्याला नवे सील किट टाकून मगच बसवावा, म्हणजे एकूण खर्च 9,000 न राहता आपल्याच आकड्यांनी 15,000 च्या आसपास जाईल.

हिशेब नोंदणीच्या मुदतीवर मांडावा हे मला पटते. 2003 ची गाडी, पहिली पंधरा वर्षे, मग पाच, आणि पुन्हा पाच. 2028 नंतरही नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण त्या वेळी गाडीची तपासणी होते आणि तीत स्टिअरिंगही पाहिले जाते. आठवड्याला मिरज आणि वर्षाला दोन-तीन वेळा पुणे एवढ्या वापरासाठी 34,000 रुपयांचा नवा रॅक मी घेणार नाही. सळई चांगली निघाली तर किट, खळगे निघाले तर पारखून घेतलेला जुना रॅक नव्या सीलांसह, असे मी ठरवीन. नवा रॅक फक्त तेव्हाच, जेव्हा पारखलेला जुना मिळणार नाही आणि ही गाडी 2033 पर्यंत ठेवायची असे आपल्या घरात खरोखरच ठरलेले असेल.

चौथा मार्ग आपण लिहिलेला नाही, पण तो आपण आज वापरत आहात, आणि तो म्हणजे ऑइल टाकत राहणे. तो फार काळ वापरू नये. टाकी एकदा रिकामी झाली की पंप कोरडा फिरतो आणि खराब होतो, मग खर्चात पंपाची भर पडते. शिवाय तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर गळणारे ऑइल पेट घेऊ शकते. ऑइल संपले तरी चाके आणि स्टिअरिंग यांची जोड तुटत नाही, गाडी वळते, पण ती एवढी जड होते की पुण्याच्या रस्त्यावरील खंबाटकी घाटाच्या वळणांवर हा अनुभव पहिल्यांदा येऊ नये. मिरजेची फेरी पातळी पाहून करावी. पुण्याची मात्र काम होईपर्यंत पुढे ढकलावी.

प्रश्न : आमच्याकडे 1996 ची लहान हॅचबॅक आहे, तिला पॉवर स्टिअरिंग नाही. खराब रस्त्यावर पुढून खडखड आवाज येतो आणि तो स्टिअरिंगमध्ये हाताला जाणवतो. मेस्त्री म्हणतात, रॅक आवळून घेतला की आवाज जाईल. घ्यावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आवाज जाईल, पण त्यामुळे काम झाले असे होणार नाही. साध्या रॅकमध्ये सळईच्या पाठीमागे स्प्रिंग लावलेला एक टेकू असतो, जो सळईला पिनियनवर दाबून ठेवतो. त्याचा नट फिरवला की दाब वाढतो, आणि यालाच रॅक आवळणे म्हणतात. अडचण अशी, की गाडी आयुष्यभर बहुतांश सरळ चालते, त्यामुळे दाते मधोमध झिजतात आणि टोकांना जवळपास नव्यासारखे राहतात. मधला खेळ नाहीसा होईपर्यंत नट आवळला, तर टोकाला स्टिअरिंग घट्ट अडकते आणि वळणानंतर ते आपोआप सरळ होत नाही. सांगली-मिरज रस्त्यावरच्या चौकात वळण घेऊन गाडी वळलेलीच राहिली, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून आवळण्यापूर्वी आवाज कोठून येतो ते शोधावे. पुढचे चाक वर उचलून, गाडी जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर टेकवून, चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडून धरून हलवावे. टाय रॉड एंड सैल असेल तर तो हलताना उघड दिसतो. रॅकच्या आतला जोड, म्हणजे रॅक एंड, सैल असेल तर दुसऱ्या माणसाने बूट मुठीत धरल्यावर आत ठोका जाणवतो. हे दोन्ही भाग वेगळे मिळतात आणि त्यांसाठी रॅक बदलावा लागत नाही. सस्पेन्शनच्या लिंक आणि बुशांचा आवाजही हुबेहूब असाच असतो, तोही पाहावा. मग उरते ते पिनियनच्या विरुद्ध टोकाचे बुश, ज्यात सळई वर-खाली हलू लागते. हे बुश बदलता येते आणि बहुतेक वेळा मला तेच दोषी आढळले आहे. हे सगळे ठीक असेल तरच नट थोडा, अगदी आठवा भाग फेरा, आवळून गाडी मोकळ्या मैदानावर दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावी. स्टिअरिंग स्वतःहून परत आले नाही तर नट जितका आवळला तितकाच मागे घ्यावा. अशा रॅकला पूर्ण नवा करणे फार महाग पडत नाही, पण दात्यांची मधली झीज हाताला लागत असेल तर किट टाकण्यात अर्थ नाही, रॅकच बदलावा.

प्रश्न : माझ्या 2012 च्या गाडीचे स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. तिच्या रॅकचेही ऑइल सील बदलावे लागतात का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या गाडीच्या रॅकमध्ये ऑइल नाही, ग्रीस आहे. लहान गाड्यांमध्ये मदत करणारी मोटर बहुधा डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या खांबावर असते आणि खालचा रॅक वरच्या पत्रातील 1996 च्या गाडीसारखाच साधा असतो. त्यामुळे मिरजेच्या वाचकांना लिहिलेले सगळे आपल्यालाही लागू आहे. बुटाला चीर दिसली की दोनशे-चारशे रुपये वाचवण्यासाठी पावसाळा निघून जाण्याची वाट पाहू नये.